पुण्यात रोज 30-35 किलोमीटर जाण्या-येण्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? फायदे-तोटे काय आहेत?

आपण वारज्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, नोकरी पिंपरीत आहे आणि पेट्रोलचा खर्च झेपेनासा झाला आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी 2022 च्या गुढीपाडव्याला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि तेव्हापासून कोथरूड ते भोसरी असा जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटरचा प्रवास तिच्यावरच करते. इथे आधी आलेल्या उत्तरांमध्ये रेंज (म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते), टॉप स्पीड आणि मोबाइल ॲप यांचीच चर्चा आहे. रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि तिची वायर कुठे लावणार, हे एकानेही विचारलेले नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

खर्चाचे आधी सांगते, कारण मी एका कारखान्यात हिशेब पाहते आणि चार्जिंगला लागणाऱ्या विजेची नोंद पहिल्या महिन्यापासून वहीत ठेवली आहे. महिन्याला साधारण 1000 किलोमीटर होतात आणि त्यासाठी 35-36 युनिट वीज लागते. युनिटचा दर सगळे आकार धरून 12 रुपये मानला, तरी हा खर्च साडेचारशे रुपयांच्या आत राहतो. माझी जुनी स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देत असे, म्हणजे तेवढ्याच अंतराला 22 लिटर पेट्रोल, आणि पुण्यात पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून त्याचे सव्वादोन हजारांच्या वर होतात. याशिवाय इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर ही भानगडच उरत नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला थांबल्यावर आपल्या गाडीची धग पायाला लागत नाही आणि आपला धूर मागच्याच्या तोंडावर जात नाही, हेही मला पैशांइतकेच मोलाचे वाटते.

आता चार्जिंग. मी गाडी घेतली तेव्हा लोहगावला रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरची चित्रफीत जेमतेम आठवडाभरापूर्वी प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरून गेली होती. पार्किंगमध्ये स्वतःच्या खर्चाने एक 16 अँपियरचा सॉकेट बसवू द्यावा, असा अर्ज घेऊन मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले, तेव्हा त्यांनी तो वाचायलाही घेतला नाही. ते म्हणाले, "वहिनी, हे इलेक्ट्रिकचं तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा." मी म्हटले, "काका, गाडी माझ्या नावावर आहे, अर्जही माझाच आहे." त्यावर त्यांचे उत्तर होते, "उद्या आग लागली तर जबाबदार कोण? सोसायटी म्हणजे काही पेट्रोल पंप नव्हे."

हे वाक्य मला आजही खटकते. आमच्या अठरा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये तेव्हा वीसेक दुचाकी उभ्या असत, त्या प्रत्येकीच्या टाकीत दोन-चार लिटर पेट्रोल असे आणि त्याबद्दल कोणी कधी ना हरकत पत्र मागितले नव्हते. शिवाय घरी खासगी चार्जिंग करण्यास परवानगी असल्याचे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मधल्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट केले होते. त्याची प्रत मी अर्जाला जोडली होती. ती प्रत तशीच परत आली.

मग पाच महिने मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडून गाडी चार्ज केली. रोज रात्री दहाला वायर सोडायची, बोर्ड विटेवर ठेवायचा, वर प्लास्टिकचा डबा पालथा घालायचा आणि पहाटे उठून सगळे गुंडाळायचे. जुलैतल्या एका रात्री झड आत आली आणि वॉचमनने बेल वाजवली. खाली गेले तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. चार्जरचा प्लग मी कन्व्हर्टरमध्ये खोचलेला असे, त्यातला एक पाय सैल झाला होता, त्याच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक विडीच्या थोटकासारखे तपकिरी होऊन फुगले होते. गाडीला किंवा बॅटरीला काहीही झाले नव्हते. मी तो प्लग पिशवीत घालून जपून ठेवला.

सप्टेंबरमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तो प्लग आणि माझी वही, दोन्ही टेबलावर ठेवले. "पाहा, मी म्हणत नव्हतो?" असे अध्यक्ष लगेच म्हणाले. मी सभेला सांगितले की, चार्जर जेमतेम तीन-साडेतीन अँपियर घेतो, म्हणजे गीझरच्या निम्म्याहूनही कमी. धोका वीज घेण्यात नसून सैल जोडणीत, ओलीत आणि लोंबत्या वायरीत आहे, आणि ही वायर परवानगी नाकारल्यामुळेच लोंबते आहे. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त वायरमन आजोबांनी मला दुजोरा दिला. जिन्याखालच्या मीटर रूममधून, माझ्याच फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत पाइपमधून तांब्याची केबल, तिला वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), पक्के अर्थिंग आणि कुलपाची पेटी, अशी जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेण्याचा ठराव झाला. नोंदीसाठी मी त्यात एक सबमीटरही, म्हणजे फक्त गाडीची वीज मोजणारा छोटा मीटर, बसवून घेतला. वीज माझ्याच बिलात येत असल्यामुळे सोसायटीच्या विजेचा प्रश्नच उरला नाही. अध्यक्षांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही आणि इतिवृत्तात माझ्या यजमानांचे नाव लिहिले. ते मी पुढच्या सभेत लेखी पत्र देऊन दुरुस्त करून घेतले.

तोटेही आपण विचारले आहेत. कंपनी सांगते ती रेंज गृहीत धरू नये. मागे माणूस बसवून चांदणी चौकाचा चढ चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरतात. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (वेग कमी होताना मोटरनेच गाडी रोखून ती ऊर्जा बॅटरीत परत भरणे) जवळजवळ काम करत नाही, त्यामुळे सकाळी पहिल्याच उतारावर गाडी रोजच्यापेक्षा जास्त पळते आणि ब्रेक लवकर दाबावा लागतो, हे शोरूममध्ये मला कोणी सांगितले नव्हते. बॅटरी बदलण्याची वेळ आली तर स्कूटरच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो, म्हणून बॅटरीच्या वॉरंटीची वर्षे आणि किलोमीटर आधी वाचावेत, ॲपचे नंतर पाहावे. अनुदानही आता पूर्वीसारखे नाही. जून 2023 मध्ये केंद्राने त्याची मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आणली आणि त्यानंतर ते आणखी घटले. मला मिळालेला भाव आपल्याला मिळणार नाही.

सर्वांत गंभीर तोटा मात्र चालवणाऱ्याला जाणवतच नाही. माझी आई सदाशिव पेठेत राहते, मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही आणि गल्लीतून बाहेर पडताना ती कानांवर विसंबून रस्ता ओलांडते. एकदा मी तिच्याकडेच जात असताना ती माझ्याच चाकासमोर आली, कारण मागून गाडी येत असल्याचे तिला ऐकूच आले नाही. मी हळू होते म्हणून निभावले. तेव्हापासून पेठांमध्ये आणि तुळशीबागेच्या बाजूला मी 20 च्या वर जात नाही. नोंदणी आणि लायसन न लागणाऱ्या, 25 किलोमीटर वेगमर्यादेच्या ज्या लहान स्कूटर मुले उलट्या दिशेने दामटतात, त्यांनाही नंबर प्लेट सक्तीची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट अध्यक्षांच्या बाजूनेही मान्य केली पाहिजे. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर खरोखरच पेटत होत्या आणि त्या भीतीला आधार होता. त्यानंतर एआयएस-156 या इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकात बॅटरीत पाणी शिरू नये आणि एका सेलची आग दुसऱ्यात पसरू नये यासाठीच्या चाचण्या आल्या; त्यांचा दुसरा टप्पा 31 मार्च 2023 पासून लागू आहे. म्हणून त्याआधी तयार झालेली जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी आपण घेऊ नये. आणि जुलैत जळालेला तो प्लग मीही रोज तपासायला हवा होता.

वारजे ते पिंपरी या अंतराला तीन किलोवॉट-अवर (म्हणजे तीन युनिट वीज साठवणाऱ्या) बॅटरीची कोणतीही चांगली गाडी पुरेल. कंपनी कोणती हे मी सांगणार नाही, घराजवळ ज्यांचे सर्व्हिस सेंटर आहे त्यांची घ्यावी. परंतु आपण भाडेकरू आहात, त्यामुळे सोसायटीकडे अर्ज घरमालकाच्या सहीनेच जायला हवा आणि केबल त्यांच्याच मीटरवरून येईल. गाडीचे बुकिंग करण्याआधी त्यांचे पत्र आणि सोसायटीचे लेखी उत्तर हातात घ्यावे, तोंडी होकारावर विसंबू नये. ते मिळत नसेल तर बॅटरी काढून घरात नेता येईल अशी गाडी पाहावी, मात्र ती बॅटरी रोज जिना चढून न्यावी लागेल आणि घरातही ती पलंगाखाली किंवा दाराच्या वाटेवर चार्जिंगला लावू नये. तेही जमणार नसेल तर आणखी वर्षभर पेट्रोलचीच स्कूटर चालवावी, पण बाल्कनीतून वायर सोडू नये.