मुलीनं ड्रेन क्लीनर प्यायलं, पण तोंडात काहीच भाजलेलं दिसत नाही. तरी एंडोस्कोपी करावी का?

हो, करा. तोंडातून बारीक दुर्बीण घालून अन्ननलिका आतून पाहायची, एवढीच ही तपासणी. आणि उद्यावर ढकलू नका.

तुम्ही लिहिलंय की साडेतीन वर्षांच्या लेकीनं काल संध्याकाळी पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं ड्रेन क्लीनर प्यायलं. ओठ-जीभ चांगली दिसतेय, म्हणून डॉक्टर एंडोस्कोपी करा म्हणत असतानाही तुम्ही सही करून तिला घरी आणलंत. पण दोनदा उलटी झालीय आणि लाळ गळतेय, हेही तुम्हीच लिहिलंय. डॉक्टरांचा आग्रह त्यासाठीच आहे. मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. तोंडात एक फोड नाही आणि आत अन्ननलिका पांढरी पडून सोलवटलेली, असं मी पडद्यावर पाहिलंय. पातळ द्रव तोंडात थांबतो कुठे? मूल स्वतःची लाळही गिळत नसेल तर गिळताना दुखतंय असं समजा. एवढ्या वयाचं लेकरू ते बोलून दाखवत नाही.

ड्रेन क्लीनरमध्ये बहुतेकदा कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली असते. ॲसिडनं भाजलं की वरचा थर गोठतो आणि ॲसिडला थोडं तरी अडवतो. कॉस्टिक तसं अडत नाही. पेशींमधल्या चरबीचा अक्षरशः साबण करत ते खोल उतरतं.

तपासणी साधारण पहिल्या २४ तासांत, फार तर ४८ तासांत करतात. पुढे पाचव्या दिवसापासून दोनेक आठवडे अन्ननलिकेची भिंत इतकी कमकुवत असते की दुर्बीण घालणंच धोक्याचं. लहान मुलांना भूल देऊन करतात, त्यामुळे तिला त्रास जाणवणार नाही. नुसती लाली निघाली तर लवकरच पातळ खायला देतील. जखम खोल असली तर ठेवून घेतील, आणि ते घरी शक्य नाही.

निघेपर्यंत तोंडानं काही देऊ नका. शेजारी सांगताहेत ते लिंबूपाणी तर नकोच. आम्ल आणि कॉस्टिक एकत्र आले की उष्णता निघते. मिठाचं पाणी देऊन उलटी काढली तर तोच द्रव भाजलेल्या नळीतून पुन्हा वर येईल. आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, छाती-पोट दुखायला लागलं, तर थेट इमर्जन्सीत. क्लीनरची मूळ बाटली सोबत न्या, लेबलवरून डॉक्टरांना नेमकं रसायन कळतं.

आणि जखम खोल निघाली तर ती बरी दिसायला लागल्यावरही पुढचे दोन-तीन महिने जेवताना तिच्याकडे लक्ष ठेवा. जखम भरताना नलिका आकसते. आधी घट्ट घास अडकतो, मग पातळही. तसं वाटलं तर लगेच दाखवा. आकसलेला भाग दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येतो, कधी पुन्हा पुन्हा करावा लागतो.