पत्ता देऊ नकोस, पोचव

पोरी,

तुझं माहितीपत्रक पाहिलं. छान छापलंय. घरात मार खाणाऱ्या इतक्या जणींना तू ते वाटलंस, पण मदत केंद्रात एकही पोचली नाही, यात तुझं काय चुकलं, असं तू विचारलंयस. चुकलं एवढंच की पत्ता दिला म्हणजे मदत केली, असं तू धरून चाललीस. पत्ता देऊ नकोस, पोचव.

आधी त्या कागदाचंच बघ. तीन घड्यांचा, गुळगुळीत, वर ठळक अक्षरांत 'कौटुंबिक हिंसाचार'. तो ती ठेवणार कुठे? उशीखाली सापडला तर त्या रात्री काय होईल? महिला हेल्पलाइनचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112 पाठ करायला कागद लागत नाही. फोन तुझ्या मोबाइलवरून, तुझ्यासमोर लावू दे. तिच्याच फोनवरून लावला असेल, तर ती उठण्याआधी कॉलची नोंद पुसून घे.

यादीतल्या प्रत्येक ठिकाणी तू स्वतः जाऊन आलीस का? नसशील, तर ती यादी फाड. दुपारी दोनला जा, रात्री नऊलाही जा. खुर्चीवर कोण असतं, दार कोण उघडतं, कुठले कागद मागतात, आईबरोबर केवढ्या वयापर्यंतचा मुलगा राहू देतात, हे बघून ये. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अशा बाईला सगळी मदत एकाच छताखाली देणारं सरकारी केंद्र, चोवीस तास उघडं असायला हवं, आणि तिथला निवारा साधारण पाच दिवसांचा असतो. सहाव्या दिवसाचं काय? ते पहिल्याच दिवशी ठरलं नाही, तर बाई पुन्हा त्याच घरी जाते आणि आपण म्हणतो, 'तिलाच बदल नको होता.' हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही. मी ते फार वर्षं म्हणत आले.

आता कायद्याचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे डीआयआर, म्हणजे घरात काय घडलं त्याचा अहवाल, भरला जातो. त्यात 'वारंवार त्रास' असं लिहिलेलं कुणाच्या कामाचं नाही. तारीख, वेळ, कशानं मारलं, कुठे लागलं, मुलं कुठे होती, हे तिच्याच शब्दांत येऊ दे. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीच्या आदल्या दिवशी' असं लिही. चालतं. दवाखान्यात 'आधी तक्रार आणा' म्हणाले तर हलू नकोस. डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे नियमातच आहे. माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती राहत असेल, तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ती लांबते. म्हणून अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात टाकायला लाव.

पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, तर तिची प्रत हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. घर सोडायची वेळ आलीच तर आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो आणि रोजच्या गोळ्या लागतात. झेरॉक्सचा संच शेजारच्या एखाद्या खात्रीच्या बाईकडे आधीच ठेवायचा. फोनमधल्या फोटोंवर विसंबू नकोस, फोन मारणारा सगळ्यात आधी हिसकावतो.

आणि हे सगळं ती हो म्हणेल तेव्हाच. पोचवणं म्हणजे ढकलणं नव्हे. ती 'आज नको' म्हणाली, तर पुढच्या भेटीचा वार ठरव आणि त्या वारी खरंच हजर राहा.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, असं हात धरून नेलं की बायका परावलंबी होतात. जिला दहा वर्षं दाराबाहेर एकटीला पडू दिलं नाही, तिनं अनोळखी कचेरीचा जिना एकटीनं चढावा ही अपेक्षा कसली? म्हणू देत. या बाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार. तूही पत्ता देऊ नकोस, पोचव.

सोमवारी यादीतल्या पहिल्या केंद्रात जा. तिथल्या ड्यूटीवरच्या बाईंचं नाव विचार, त्यांना तुझं सांग. परतल्यावर त्या पत्रकावर पत्त्याच्या जागी ते नाव पेनानं लिही.

तुझी,
ताई