बहिष्कार कंपनीवर की बाळाच्या वाटीवर?

प्रश्न : नातू एकोणीस दिवसांचा आहे. सिझेरियन झालं. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनी ‘अजून दूध उतरलं नाही’ म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आणायची चिठ्ठी हातात दिली. डब्याचं नाव चिठ्ठीवर छापलेलंच होतं. आता सून अंगावर पाजते आणि दिवसातून चार वेळा वरचं देते. मुलानं नेस्लेवरच्या बहिष्काराबद्दल कुठंतरी वाचलं. आमचा डबा त्या कंपनीचा नाही, तरी तो म्हणतो, सगळे एकाच माळेचे मणी. डबा आजपासून बंद. सून रडते, बाळ उपाशी राहील म्हणते. घरातली कॉफी आणि नूडल्स त्यानं बंद केली, त्याला माझी हरकत नाही. पण डब्याचं काय करू?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : ताई, डबा आज एकदम बंद करू नका. चार वेळा वरचं घेणारं बाळ एका रात्रीत नुसत्या अंगावरच्या दुधावर येत नाही. ते रडतं, आई घाबरते, आणि घाबरलेल्या आईला पान्हा फुटायला वेळ लागतो.

दर वेळी आधी अंगावर घ्यायचं, दोन्ही बाजूंनी. मग लागलंच तर वरचं, तेही वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं. बाटली आणूच नका. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. रात्री बाळानं ओढलं की दूध वाढतं. टाके ओढतात म्हणून सून अवघडून बसत असेल, तर कुशीवर झोपून पाजायला शिकवा. सिझरच्या बाईला हे कुणी धड दाखवत नाही आणि मग ‘दूध पुरत नाही’ असं ठरतं. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत असतील आणि वजन रोज 20 ते 30 ग्रॅम चढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून वरच्याची एकेक वेळ कमी करा. तोवर डब्यावर लिहिलंय तेवढीच पावडर, चमचा सपाट करून, उकळलेल्या पाण्यात. पावडर वाचवायला पाणी वाढवायचं नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याचा राग खरा आहे, पण ही गोष्ट त्यानं अर्धीच वाचलेली दिसते. 1974 मध्ये ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेनं एक पुस्तिका काढली. गरीब देशांत पावडरचं दूध कसं खपवलं जातं, ते तिच्यात होतं. नर्ससारखा पांढरा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बायका बाळंतिणींना गाठायच्या, फुकट डबा द्यायच्या. डबा संपेपर्यंत बाळ ओढेनासं झालेलं, आईचं दूध आटलेलं. पुढचा डबा मग विकतच घ्यावा लागायचा. स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं ही पुस्तिका नेस्लेवर बालहत्येचा ठपका ठेवणाऱ्या मथळ्यानं छापली. कंपनीनं बदनामीचा खटला भरला. 1976 मध्ये बर्नच्या न्यायालयानं गटातल्या लोकांना किरकोळ दंड केला, पण जाहिरातीची पद्धत बदला, असं कंपनीलाही सुनावलं. पुढच्या वर्षी, 4 जुलै 1977 ला, अमेरिकेत मिनीॲपोलिसमधून बहिष्कार सुरू झाला. त्याच रेट्यातून 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. 118 देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. 1984 मध्ये बहिष्कार थांबवला, कंपनी शब्द पाळत नाही म्हणून 1988 मध्ये पुन्हा पुकारला.

आणि या लोकांची मागणी काय होती? फुकट डबे बंद करा, नर्सच्या वेशातल्या बायका बंद करा, डॉक्टरांना आणि दवाखान्यांना हाताशी धरणं बंद करा. दुकानातून डबा उठवा, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. आई दगावली, आई गंभीर आजारी आहे, अशा घरांत डबा लागतोच. ज्या बाईच्या हातात डबा आहे तिच्यावर हा बहिष्कार कधीच नव्हता. हे मुलाला नीट समजावा, आणि सुनेसमोर समजावा.

मी हे इतक्या पोटतिडकीनं लिहिते त्याला कारण आहे. 1982 मध्ये मी पेठेतल्या एका प्रसूतिगृहात रात्रपाळी करायचे. एका कंपनीचा माणूस दर महिन्याला यायचा. गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर, आम्हाला पेनं, आणि खोकंभर डबे. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली एक पहिलटकरीण होती. दोन महिन्यांनी ती जुलाबानं सुकलेलं लेकरू घेऊन आली आणि पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. आतलं दूध तांदळाच्या धुवणासारखं. बाटलीपलीकडची माझी बोटं मला दिसत होती. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून ती चार चमच्यांच्या जागी एकच घालत होती. बुचाच्या आत काळी कड धरली होती. लेकराला ससूनला पाठवलं, ते वाचलं. पण तिच्या उशाशी पहिला डबा ठेवणारा हात माझाच होता, ताई. तिनं मागितला नव्हता. मीही तिला विचारलं नव्हतं.

तेव्हा आपल्याकडे याला कायद्याचा अटकाव नव्हता, आज आहे. 1992 चा कायदा, 1 ऑगस्ट 1993 पासून लागू, 2003 मध्ये आणखी कडक केलेला. तुमच्या घरातला डबा एकदा हातात घेऊन फिरवून बघा. त्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र सापडणार नाही. कायद्यानंच मनाई आहे. आईचं दूध सर्वोत्तम, हे मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची आणि खाण्याची जाहिरात, फुकट नमुने, आईला भेटवस्तू, डॉक्टर-नर्सना बक्षिसी, दवाखान्यात प्रचाराचे कागद वाटणं, सगळ्याला बंदी. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

म्हणून तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती छापील चिठ्ठी. सिस्टरनी पेनानं नाव लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. छापलेलं नाव कुणीतरी छापून आणून दिलेलं असतं. ते कंपनीनं दिलं असेल, तर तो सरळ कायदेभंग आहे. ती चिठ्ठी टाकून दिली नसेल तर जपून ठेवा. मागे तारीख लिहा, डब्याची पावती जोडा आणि मुलाच्या हातात द्या. ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ म्हणून संस्था आहे, 1991 मध्ये आपल्या वर्ध्यात सुरू झालेली. या कायद्याखाली तक्रार नेण्याचा अधिकार सरकारनं तिला दिलेला आहे. त्यानं फोटो काढून तिथं कळवावं. कॉफी सोडली, चांगलंच केलं. पण त्याच्या या एका चिठ्ठीनं त्या दवाखान्यातल्या पुढच्या बाळंतिणीचा डबा वाचू शकतो.

आणि रात्री दोनच्या पाजण्याला त्यानंच उठावं. बाळ उचलून सुनेच्या कुशीत द्यायचं, तिला तांब्याभर पाणी द्यायचं, ढेकर त्यानं काढायची. तिला तेवढी झोप मिळू द्या.

येत्या सोमवारी बाळाचं वजन करा, त्याच काट्यावर पुढच्या सोमवारी पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.