मुद्दाम सावकाश

प्रश्न : माझं वय ६७. रोज सकाळी अर्धा तास मी सगळं मुद्दाम संथ करते. खुर्चीत बसणं, जिना उतरणं, कपबशी उचलणंसुद्धा. सुनेला वाटतं मला काही आजार जडलाय. याचा उपयोग होतो का?

उत्तर : होतो ताई, अजिबात सोडू नका. गेली कित्येक वर्षं मी फिजिओथेरपी करते, आणि धपकन खुर्चीत बसणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो. पाच अंक मोजत बसलात तर मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत सगळं वजन पेलतो. धपकन बसलं की ते काम तो करतच नाही. माझी आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अशी बसायची सवय लावून घेत होती तेव्हा ओट्याच्या कडेवर तिची बोटं नुसती टेकलेली असत, धरलेली नाही. तुम्हीही तसंच करा. फक्त श्वास रोखू नका. जिन्यावर मात्र कठडा घट्ट धरा, तिथे हयगय नको.

अंथरुणातून उठणं तर सावकाशच हवं. रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाबाचा वरचा आकडा काहींचा २० किंवा जास्त घसरतो आणि भोवळ येते. आधी काठावर बसून पावलं वरखाली हलवा, मग उभ्या राहा.

सुनेची काळजीही रास्त आहे. तिच्यासमोर अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून दाखवा. मनात असूनही वेग येत नसेल, बोटं अडखळत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा.