पहिली वेणीची टोपी विणताना

वेणीला घाबरू नका. ती म्हणजे विणीत केसांच्या वेणीसारखा दिसणारा पीळ, फक्त टाक्यांची अदलाबदल. सहा टाक्यांच्या वेणीत पहिले तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे ठेवा, नंतरचे तीन सुलट विणा, मग जादा सुईवरचे तीन. पीळ डावीकडे झुकतो; सुई मागे ठेवली तर उजवीकडे.

- लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि नवखे हमखास तोच निवडतात.
- वेणीमुळे वीण आत ओढली जाते. साध्या विणीच्या हिशेबाने टाके घातले तर टोपी घट्ट होते. म्हणून आधी वेणीचाच छोटा तुकडा विणून मोजा. हा कंटाळा करू नकाच!
- प्रत्येक ओळीची खूण कागदावर करा.

माथ्याची घट, म्हणजे टोपीच्या वरच्या टोकाकडे टाके कमी करणं, नंतर बघू. आधी दोन पीळ विणून दाखवा.