‘हिपहॉपच्या घरातला पाहुणा’: पाहुणा, उपरा आणि घराणे

प्रश्न असा आहे: अमेरिकी हिपहॉपमधील (रॅप गाणे, तबकड्या वाजवणे आणि ब्रेकडान्स यांची संस्कृती) वर्णविषयक वादावरच्या एका लेखाचे भाषांतर करताना गोऱ्या रॅपरांना उद्देशून आलेल्या ‘गेस्ट’ या शब्दासाठी ‘पाहुणा’ चालेल, की ‘उपरा’ अधिक नेमका ठरेल? आणि त्याच वाक्यातील ‘हाउस ऑफ हिपहॉप’ला ‘हिपहॉपचे घराणे’ म्हणता येईल का?

हे रूपक चर्चेत आणले ते ब्रँड न्यूबियन या गटातील कृष्णवर्णीय रॅपर लॉर्ड जमार याने. २०१३ मध्ये मॅकलमोर या गोऱ्या रॅपरचा बोलबाला असताना जमारने बजावले, की हिपहॉपच्या घरात गोरे रॅपर पाहुणे आहेत आणि त्यांनी ते विसरू नये. याचा अर्थ त्यांना दार बंद आहे असा नाही. मात्र घर कसे चालावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. पुढे २०२० मध्ये एमिनेम या गोऱ्या रॅपरने, जमारशी त्याचे फारसे सख्य नसतानाही, आपण पाहुणेच आहोत हे मान्य केले.

‘उपरा’ येथे बसत नाही. उपऱ्याला कोणी बोलावलेले नसते आणि त्या शब्दात हेटाळणी अगोदरच मुरलेली आहे. ‘पाहुणा’ म्हटले की यजमान आपोआप उभा राहतो, आणि जमारला ठसवायचे आहे ते यजमानपणच. ‘अतिथी’ तर मुळीच नको. त्याला आपण देवाच्या पंक्तीला बसवून ठेवले आहे.

तरी ‘पाहुणा’ शब्दात एक अडचण उरते. ‘पाहुण्यासारखे काय बसलात, घरचेच आहात, वाढून घ्या,’ असे मराठी यजमान आग्रहाने म्हणतो, म्हणजे पाहुणेपण पुसून टाकणे हा आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग असतो. जमारचे म्हणणे नेमके उलट आहे: पाहुण्यासारखेच बसा. हा फरक दाखवणारा एक प्रसंग मे २०१८ मध्ये अलाबामातील एका संगीत महोत्सवात घडला. केंड्रिक लमार या कृष्णवर्णीय रॅपरने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावून आपले गाणे म्हणायला लावले. गाण्यात, गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला आणि कृष्णवर्णीयांनी आपापसांत अर्थ पालटून घेतलेला तो शब्द होता. तिने तो जसाच्या तसा उच्चारला तेव्हा लमारने गाणे थांबवले, तो एक शब्द गाळायचा असतो हे तिला समजावले आणि पुन्हा संधी दिली. निमंत्रण खरे होते, गाणे तिला पाठ होते, तरीही एक शब्द तिचा नव्हता. ‘पाहुणा’ या शब्दाला हा अर्थ पेलायचा असेल, तर ‘पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे’ अशी वाक्यरचना करावी; नुसते ‘ते पाहुणे आहेत’ हे मराठीत कौतुकासारखे ऐकू येते.

मूळ वाक्यातला राग पोचवायचा असेल तर आपली एक म्हण उपयोगी पडेल: ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’. या म्हणीतला पाहुणा घराबाहेरच्या जगात यजमानापेक्षा वरचढ आहे, आणि ‘गेस्ट’मध्ये न दिसणारी हीच गोष्ट या वादाच्या मुळाशी आहे. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला रॅप अल्बम बीस्टी बॉइज या गोऱ्या त्रिकुटाचा होता (१९८७). २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी लमारला डावलून मॅकलमोर आणि त्याचा साथीदार रायन लुइस यांना मिळाले, तेव्हा ‘तुझ्यावर अन्याय झाला’ अशा आशयाचा संदेश मॅकलमोरने लमारला पाठवला आणि मग तो स्वतःच जगजाहीरही केला. ओसरीवर बसून यजमानाची क्षमा मागायची आणि ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मागायची, हा प्रकार अनेकांना रुचला नाही, आणि मलाही त्यात पाहुण्याची रीत दिसत नाही.

आता ‘घराणे’. हा शब्द मोहक आहे, पण तो घेतला की वादाचा निकाल भाषांतरकारच लावून मोकळा होतो. गायक अल्लादिया खाँ उत्तरेतून कोल्हापूरला आले आणि गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकून जयपूर-अत्रौली घराण्याच्या झाल्या. त्यांना त्या घराण्यातल्या पाहुण्या म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. घराण्यात तालमीने प्रवेश मिळतो. जमारच्या घरात कितीही तालीम घेतली तरी गोरा माणूस पाहुणाच राहतो, आणि तालमीने घरचे होता यावे की नाही यावरच तर भांडण आहे. म्हणून येथे साधे ‘घर’च ठेवावे.

त्याच लेखातल्या प्वेर्तो रिकन कलावंतांनाही ‘पाहुणे’ म्हणावे का, असेही विचारले आहे. ज्या पार्टीपासून हिपहॉपचा प्रारंभ मानतात, ती ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत झाली. जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क तेथे तबकड्या वाजवत होता. ती भाडेकरूंची इमारत होती. त्याच ब्राँक्समध्ये कृष्णवर्णीयांच्या शेजारी वाढलेल्या क्रेझी लेग्जसारख्या प्वेर्तो रिकन नर्तकांनी ब्रेकडान्स घडवला आणि टिकवला. त्यांच्यासाठी ‘पाहुणे’ चुकीचे आहे. वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडांना आपण जे म्हणतो ते ‘बिऱ्हाडकरू’ मला योग्य वाटते, कारण त्या घरात कृष्णवर्णीयही आधी बिऱ्हाडकरूच होते.