तापमान तेच, पोलाद तेच, मग ताकद वेगळी का?

तुमचा प्रश्न असा की एकाच पोलादाची नळी, तापमानही सारखंच, तरी एका ठिकाणी वर्षानुवर्षं टिकते आणि दुसरीकडे लवकर फुटते. याचं कारण भोवतालचा वायू.

आपल्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या बॉयलरची नळी घ्या. आतून पाचशे अंश सेल्सिअसच्या वरची वाफ, बाहेरून कोळशाचा धूर आणि राख. सततच्या दाबानं तापलेला धातू हळूहळू ताणला जातोच, त्याला क्रीप म्हणतात. त्यात ऑक्साइडची खपली धरून भिंत पातळ झाली की दाब तेवढाच राहतो, पण ताण वाढतो. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायची जुनी जाळी पापुद्रे सोडते ना, तसंच.

पोलादात क्रोमियम पुरेसं असेल तर खपली दाट बसते, आतल्या धातूला जपते. भोवतालच्या वायूत गंधक आलं की मात्र खेळ बिघडतो, विशेषतः धातूत निकेल असेल तर. निकेल वितळतं 1455 अंशांना, पण निकेल आणि त्याचं सल्फाइड (गंधकाशी झालेलं संयुग) यांचं मिश्रण 640च्या आसपासच! ते धातूच्या बारीक स्फटिक-कणांमधल्या सीमांत शिरलं की धातू आतून उसवतो.

निर्वातात, म्हणजे भोवती वायूच नसताना, भेगा बहुधा सावकाश वाढतात. नेहमीच नाही, कधीकधी घट्ट खपलीच धातूला आधार देते.